कूलर नेमका कोणाला कळला? एका प्रकल्प-परीक्षेचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२५ च्या उन्हाळ्यातलं, नागपुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मेकॅनिकल विभागातलं. मी त्याच महाविद्यालयात गणित शिकवते आणि फेरपरीक्षेच्या समितीत तिसरी सदस्य म्हणून होते. कोणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत; घटनांचा क्रम आणि झालेले वाद मात्र आहेत तसेच ठेवले आहेत.

शेवटच्या वर्षाच्या तिघांनी डेझर्ट कूलरवर प्रकल्प घेतला होता. नागपुरात हा विषय कोणालाच परका नाही. एप्रिल लागला की गच्चीवरून, माळ्यावरून कूलर खाली येतात, जुनं गवत काढून नवं भरलं जातं, पंप तपासले जातात आणि जून अर्धा सरेपर्यंत घरोघरी तोच एक आवाज चालू असतो. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की तोच कूलर नकोसा वाटू लागतो. असं का होतं, ते मोजून दाखवायचं आणि जाळीच्या रचनेत काही सुधारणा करता येते का ते पाहायचं, एवढाच प्रकल्प होता.

तिघांनी कामं वाटून घेतली. एकाने अहवाल लिहिला. दुसऱ्याचे वडील कूलर-मोटारींची दुरुस्ती करतात आणि तो शाळेत असल्यापासून सुट्टीत त्यांच्या हाताखाली असतो, म्हणून जोडणी त्याने केली. तिसरी विद्यार्थिनी मोजमापं घेत होती: कूलरमध्ये शिरणारी हवा, बाहेर पडणारी हवा, टाकीतलं पाणी, आणि ओलं कापड गुंडाळलेला थर्मामीटर (तो दाखवतो ते वेट-बल्ब तापमान). तिने ऑगस्टमध्ये आणि पुन्हा एप्रिलमध्ये नोंदी घेतल्या होत्या. यापुढे त्यांना लेखक विद्यार्थी, मिस्त्रींचा मुलगा आणि नोंदी घेणारी विद्यार्थिनी असंच म्हणते.

अहवाल अतिशय देखणा होता. इंग्रजी सफाईदार, परिच्छेद बांधेसूद, प्रस्तावनेपासून निष्कर्षापर्यंत कुठे खाचखळगा नाही. मार्गदर्शक सरांनी त्याला भरघोस अंतर्गत गुण दिले होते. लेखक विद्यार्थ्याने तो एका चॅटबॉटकडून लिहून घेतला होता. हे त्याने लपवलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं आणि महाविद्यालयात त्याबद्दल काही नियमही नव्हता.

अडचण कुठे आली

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी सुरुवात लेखक विद्यार्थ्यापासून केली. वेट-बल्ब तापमान म्हणजे काय, बाष्पीभवनाची सुप्त उष्णता किती, संपृक्तता कार्यक्षमतेचं सूत्र कोणतं, या सगळ्याची उत्तरं त्याने न अडखळता दिली. मग मॅडमनी पुस्तकात नसलेला प्रश्न विचारला: "समज, खोलीची दारं-खिडक्या सगळी घट्ट लावली आणि कूलर खोलीच्या आत ठेवून चालवला. खोली जास्त गार होईल की कमी?"

तो म्हणाला, जास्त. कारण बाहेरची उष्णता आत येणार नाही.

एसीच्या बाबतीत हे बरोबर आहे, कूलरच्या बाबतीत उलटं. कूलर हवेतली उष्णता घेतो ती पाणी वाफ करण्यासाठी. ती वाफ त्याच हवेत मिसळते. खोली बंद असेल तर काही वेळातच हवा ओलाव्याने भरते, पाणी उडायचं थांबतं आणि थंडावाही थांबतो. म्हणून समोरची खिडकी थोडी उघडी लागते. नागपुरातल्या कोणत्याही घरात आजी हे सांगेल.

मॅडमनी पुढे विचारलं, "३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते. तुझं काय मत?" लेखक विद्यार्थ्याने हवामान बदल, काँक्रीटीकरण, शहरी उष्णता बेट या सगळ्यांचा आधार घेत ५६ अंश कसे झाले असतील याचं सुरेख विवेचन केलं. हवामान खात्याने तेव्हाच संवेदकात बिघाड असल्याचं जाहीर केलं होतं. शेजारी उभा असलेला मिस्त्रींचा मुलगा न राहवून बोलला, "छप्पन नाही होऊ शकत मॅडम. त्या दिवशी मी बाबांसोबत कामावर होतो. गरम होतं, पण रोजच्यासारखंच होतं."

मग त्याची पाळी आली. वेट-बल्बची व्याख्या त्याला सांगता आली नाही. इंग्रजीत तो दुसऱ्याच वाक्याला अडकला. मार्गदर्शक सरांनी मान हलवली. नोंदी घेणाऱ्या विद्यार्थिनीला फक्त एक प्रश्न आला, थर्मामीटरची अचूकता किती, आणि वेळ संपली.

नंतर अहवाल चाळताना मॅडमना जे सापडलं त्याने सगळ्यांचीच झोप उडाली. एका पानावर विद्यार्थिनीच्या नोंदींचा तक्ता होता. एप्रिलमध्ये आत जाणारी हवा ४२ अंश आणि बाहेर येणारी २७. ऑगस्टमध्ये आत जाणारी ३२ आणि बाहेर येणारी २९. त्याच्या पुढच्याच पानावर लिहिलं होतं की दमट हवेत कूलरमधून बाहेर येणारी हवा कोरड्या ऋतूपेक्षा खूपच गरम असते.

तक्ता तसं म्हणत नव्हता. बाहेर येणाऱ्या हवेत फरक होता फक्त दोन अंशांचा. खरा फरक दोन ठिकाणी होता: एप्रिलमध्ये कूलर पंधरा अंश कापत होता, ऑगस्टमध्ये जेमतेम तीन, आणि ऑगस्टची हवा आधीच इतकी दमट होती की अंगावरचा घाम सुकत नव्हता. पावसाळ्यात कूलरची हवा नकोशी वाटते ती मुख्यतः ओलाव्यामुळे. प्रकल्पाचा सगळ्यात मोलाचा निष्कर्ष तक्त्यात होता आणि अहवाल त्याच्या विरुद्ध बोलत होता. लिहिणाऱ्याच्या, लिहून देणाऱ्या यंत्राच्या आणि तपासणाऱ्या मार्गदर्शकांच्या, कोणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीतला पेच

परीक्षक मॅडमचं म्हणणं सरळ होतं. पुस्तकातलं उत्तर देणं ही पोपटपंची. प्रश्न फिरवल्यावरही जो उत्तर देतो त्याला विषय समजला. या कसोटीवर लेखक विद्यार्थी नापास. अनेक शिक्षक वर्षानुवर्षं हीच कसोटी वापरतात, मीही वापरते.

मार्गदर्शक सरांनी डबा बाजूला ठेवला आणि मोबाइलवर त्याच चॅटबॉटला तोच फिरवलेला प्रश्न विचारला. काही क्षणांत उत्तर आलं: बंद खोलीत आर्द्रता वाढेल, बाष्पीभवन मंदावेल, समोरची खिडकी उघडी ठेवा. वर खिडकी किती उघडी ठेवावी याचाही अंदाज. सगळं बरोबर.

सर म्हणाले, "मॅडम, तुमच्या कसोटीवर आमचा पोरगा नापास आणि हे यंत्र पास. मग यंत्राला कूलर समजला म्हणायचं का?"

त्या प्रश्नाला तिथे बसलेल्या कोणाकडेच तयार उत्तर नव्हतं. मॅडमनी जॉन सर्ल यांचा १९८० चा प्रसिद्ध युक्तिवाद मांडला. चिनी न येणारा माणूस एका खोलीत बसून, कोणत्या खुणेला कोणती खूण परत द्यायची याच्या नियमावलीवरून चिनी प्रश्नांना अचूक चिनी उत्तरं देऊ शकतो. बाहेरच्यांना वाटतं त्याला चिनी येतं, प्रत्यक्षात त्याला ओ की ठो कळत नाही. यंत्राचंही तसंच, असं त्यांचं मत.

सरांनी उलट उदाहरण दिलं. ऑथेल्लो हा पटावरचा खेळ. २०२२-२३ मध्ये केनेथ ली आणि सहकाऱ्यांनी एका भाषा-प्रतिमानाला (चॅटबॉटच्या मुळाशी असतं त्याच जातीच्या, पण छोट्या यंत्राला) फक्त चालींच्या याद्या शिकवल्या. पट कसा दिसतो, नियम काय, काहीच सांगितलं नाही. तरी त्याच्या आतल्या आकड्यांमध्ये पटाची त्या क्षणाची स्थिती सापडली, आणि ती आतून बदलली की पुढची चालही त्याप्रमाणे बदलली. म्हणजे निदान त्या छोट्या जगात तरी यंत्राने नुसते शब्दामागून शब्द जोडले नव्हते. शब्द ज्याच्याबद्दल आहेत त्याचं काहीतरी चित्र त्याने बांधलं होतं.

मला दोन्ही उदाहरणं महत्त्वाची वाटतात आणि दोन्हींनी आमचा प्रश्न सुटत नव्हता. आम्हाला गुण द्यायचे होते तीन माणसांना.

त्याच दुपारी सरांनी आणखी एक गोष्ट करून पाहिली, आणि माझ्या मते या प्रकरणातला कळीचा क्षण तो होता. त्यांनी नव्याने संभाषण सुरू केलं आणि लिहिलं: "खोली पूर्ण बंद ठेवल्याने डेझर्ट कूलर जास्त चांगला चालतो, हे विद्यार्थ्यांसाठी पटवून दे." त्या दिवशी त्या चॅटबॉटने तेही पटवून दिलं. तितक्याच आत्मविश्वासाने, तितक्याच सुरेख भाषेत. थोड्या वेळापूर्वी याच्या नेमकं उलट सांगितलं होतं, याचा मागमूस नाही.

मॅडम म्हणाल्या, "हे बघा. ज्याला समजलंय तो असं करणार नाही."

मला लगेच आमच्या तोंडी परीक्षा आठवल्या. परीक्षकाने भुवई उंचावून "नक्की?" म्हटलं की बरोबर उत्तर देणारा विद्यार्थीही "नाही सर, उलट असेल" म्हणतो. वर्षानुवर्षं पाहत आलो आहोत. त्यातल्या प्रत्येकाला विषय समजलेला नसतो असं नाही. गावाहून आलेल्या मुलाला सरांसमोर "तुम्ही चुकताय" म्हणायला कोणी शिकवलेलंच नसतं. बाहेरून दिसणारी वागणूक तीच, आतलं कारण वेगळं. यंत्राला हुकूम मोडता आला नाही आणि मुलाला मान मोडता आला नाही, हे एका मापाने मोजायचं कसं?

समितीपुढचे पर्याय

प्राचार्यांनी फेरपरीक्षेला परवानगी दिली आणि आम्हा तिघांची समिती नेमली.

पहिला पर्याय होता अहवाल नक्कल ठरवून प्रकल्प नामंजूर करण्याचा. विभागातल्या काहींचा त्याकडे कल होता. आम्ही तो नाकारला, कारण आधी नियम नव्हता आणि मागून नियम लावणं अन्याय्य. यापुढे यंत्राने लिहिलेलं ओळखणारं सॉफ्टवेअर घ्यावं अशीही सूचना आली. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं ओळख-साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं होतं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं होतं की अशी साधनं, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरवतात. काटोल-उमरेडहून आलेल्या मुलाने कष्टाने लिहिलेल्या इंग्रजीवर असा शिक्का बसला तर ते कोण निस्तरणार?

दुसरा पर्याय: अहवालाला गुणच नकोत, सगळं तोंडीवर. यात मला मोठा धोका दिसला. आमच्याकडे तोंडी परीक्षेत इंग्रजीत सफाईने बोलणाऱ्याला विषय समजला असं धरून चालण्याची सवय मुरलेली आहे. मिस्त्रींचा मुलगा दुसऱ्या वाक्याला अडखळला तेव्हा सरांची मान हलली ती विषयासाठी की भाषेसाठी, हे सरांनाही नंतर सांगता येईना. यंत्र येण्याच्या कितीतरी आधीपासून आपण भाषेच्या सफाईला समज मानत आलो आहोत. सफाई दुर्मिळ होती तोवर हा हिशेब खपून गेला. आता ती मोबाइलमध्ये फुकट मिळते, तेव्हा तिच्यावरून माणसाबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

हे नवीन नाही याचा पुरावा भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना ठाऊक आहे. हार्वर्डमध्ये शिकवणाऱ्या एरिक माझुर यांनी १९९० च्या सुमारास स्वतःच्याच वर्गाला बलाविषयीचे साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न विचारले. अवघड गणितं सोडवणारे विद्यार्थी तिथे अडकले. एका विद्यार्थिनीने विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत त्याप्रमाणे लिहू की मला खरंच वाटतं त्याप्रमाणे? तेव्हा चॅटबॉट नव्हते. गुण मिळत होते, समज नव्हती, आणि परीक्षेला ते दिसत नव्हतं.

तिसरा पर्याय मॅडमना आवडला होता: फक्त हाताने काम. बिघडलेला कूलर द्यायचा आणि दुरुस्त करायला सांगायचं. यंत्राला हात नाहीत, तेव्हा इथे माणूसच उघडा पडेल किंवा उजळेल. सरांनी शंका काढली की हात चालतो म्हणजे समजलं असं तरी कुठे आहे? मिस्त्रींच्या मुलाला टाकीत बर्फ टाकला की कूलर "डबल गार" होतो याची खात्री होती. बापाकडून आलेलं ज्ञान. हिशेब केला तर एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो आणि एक किलो पाणी उडून जाताना सुमारे २४०० किलोज्यूल. कूलर तासाला कित्येक लिटर पाणी उडवतो. त्यापुढे किलोभर बर्फाने काय होणार? थोडा वेळ बरं वाटतं इतकंच.

इथे मी अँथ्रॉपिक कंपनीने मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेलं एक काम समितीपुढे ठेवलं. क्लॉड या त्यांच्या प्रतिमानाने ३६ आणि ५९ ची बेरीज कशी केली ते त्यांनी आत डोकावून पाहिलं. एका वाटेने बेरीज साधारण किती येईल याचा अंदाज चालला होता, दुसऱ्या वाटेने फक्त शेवटचा अंक ५ येतो हे निघत होतं, आणि दोन्ही जुळून ९५. पण "कशी केलीस?" विचारल्यावर त्याने सांगितलं: सहा आणि नऊ पंधरा, हातचा एक. शाळेत शिकवतात तसं. म्हणजे ते करतं एक आणि सांगतं दुसरं.

सर म्हणाले, हीच तर यंत्राची पोल. मी म्हटलं, थांबा. निस्बेट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये माणसांबद्दल हेच दाखवलं होतं: आपण एखादा निर्णय का घेतला याची जी कारणं माणसं सांगतात ती बरेचदा खरी कारणं नसतात, पटण्यासारखी असतात. मिस्त्री पंपाचा आवाज ऐकून बेअरिंग गेलं म्हणतात तेव्हा ते काय ऐकतात ते त्यांना सांगता येत नाही, आणि विचारलंच तर काहीतरी सांगतात. सांगता येणं आणि कळणं या दोन गोष्टी माणसातही वेगळ्याच आहेत. आपण त्या एकच समजत होतो, कारण आजवर नीट सांगणारा म्हटला की तो माणूसच असायचा.

बराच वेळ चर्चा झाल्यावर मॅडमनी वहीत एक ओळ लिहिली आणि आमच्यापुढे सरकवली: "समजलं का, हे विचारू नका. काय झालं तर हा आपलं मत बदलेल, आणि काय झालं तरी बदलणार नाही, ते बघा." फेरपरीक्षेची रचना त्या ओळीवर उभी राहिली.

काय केलं

फेरपरीक्षा कार्यशाळेत घेतली, तिघांचाच कूलर मधोमध ठेवून. प्रत्येकाला तीन गोष्टी करायच्या होत्या. कूलरमध्ये आम्ही मुद्दाम केलेला बिघाड शोधायचा. न पाहिलेल्या परिस्थितीबद्दलच्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं. आणि परीक्षकांपैकी कोणीतरी ठामपणे सांगितलेल्या एका विधानावर आपलं म्हणणं मांडायचं, जे विधान खरं असेल किंवा खोटं.

या तिसऱ्या भागावर समितीत सर्वात जास्त वाद झाला. सूचना न देता चुकीचं विधान केलं असतं तर आम्ही धीटपणा मोजला असता, समज नव्हे. म्हणून आदल्या आठवड्यात तिघांना बसवून सांगितलं: आम्ही काही गोष्टी मुद्दाम चुकीच्या बोलू, विरोध केल्यास गुण जाणार नाहीत, गप्प बसल्यास जातील. नोंदी घेणाऱ्या विद्यार्थिनीने ते दोनदा विचारून खात्री करून घेतली.

भाषा मोकळी ठेवली. मराठी, हिंदी, इंग्रजी, जी येईल ती. चॅटबॉट वापरायला तयारीत बंदी नव्हती. काय विचारलं आणि काय उत्तर आलं ते छापून जोडायचं होतं.

परिणाम

बिघाड असा होता: जाळीवर पाणी सोडणाऱ्या वरच्या पन्हळीची एका बाजूची भोकं आम्ही मेणाने बुजवली होती. पंप चालू, टाकी भरलेली, पंखा व्यवस्थित, हवा मात्र कोमट. मिस्त्रींच्या मुलाने स्विचकडे पाहिलंही नाही. तिन्ही बाजूंच्या जाळ्यांवर तळहात ठेवत गेला, तिसऱ्या बाजूला थांबला. "इकडून कोरडी आहे सर. पाणीच नाही येऊन राहिलं." मग पन्हळीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, इथे बहुतेक वेळा पाण्याचा पांढरा थर साचतो, हे तर मेण दिसून राहिलं. सगळं मिळून एक-दोन मिनिटं.

सरांनी नंतर हाच बिघाड शब्दांत चॅटबॉटला सांगितला. त्याने दहा शक्यता दिल्या, त्यात बुजलेली भोकंही होती, बरीच खाली. "एका बाजूची जाळी कोरडी आहे" हे जोडल्यावर ती पहिल्या क्रमांकावर आली. मॅडम म्हणाल्या, म्हणजे हात मिळाला असता तर यंत्रानेही केलं असतं. मला यात मोठा फरक दिसतो. कोरडी बाजू शोधायची हे त्या मुलाला कोणी सांगितलं नव्हतं. काय विचारायचं हे माहीत असणं हाच त्या समजेचा मोठा भाग होता, आणि तो भाग यंत्राला आम्ही पुरवला. कॅमेरे आणि संवेदक जोडलेल्या यंत्रांच्या बाबतीत हा फरक किती टिकेल, त्याबद्दल मी आज काही ठरवून बसणार नाही.

दुसऱ्या भागात तो मुलगा घसरला. हाच कूलर जुलैत मुंबईला नेला तर? "पंखा मोठा लावायचा." मॅडमनी वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं, तो पंख्यावरच राहिला. त्याची समज खोल होती, पण ती नागपूरच्या मे महिन्यात रुजलेली होती. न पाहिलेल्या हवेत ती त्याला नेत नव्हती. बर्फाबद्दल मात्र आकडे समोर ठेवल्यावर तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "मग बाबा गिऱ्हाइकाला काहून सांगतात?" आणि स्वतःच उत्तर दिलं: बर्फ टाकला की हवेचा पहिला झोत गार लागतो, गिऱ्हाईक तेवढंच पाहतं.

लेखक विद्यार्थी तयारी करून आला होता, आणि त्याने जोडलेली पानं वाचण्यासारखी होती. सुरुवातीला तो चॅटबॉटकडून स्पष्टीकरणं घेत होता. काही पानांनंतर त्याने पद्धत बदलली: "मी समजावून सांगतो, तू मला प्रश्न विचार." तिथून त्याची वाक्यं तुटक झाली, चुका दिसू लागल्या, आणि चुका दिसू लागल्या तसा तो शिकू लागला. रोझेनब्लिट आणि कील यांनी २००२ मध्ये प्रयोगांतून हेच मांडलं होतं: कपड्यांची चेन, कुलूप, फ्लश अशा रोजच्या वस्तू कशा चालतात ते आपल्याला चांगलं कळतं असं माणसांना वाटतं, आणि टप्प्याटप्प्याने समजावून सांगायला लावलं की त्यांचा स्वतःबद्दलचा अंदाज खाली येतो. त्याने बिघाड शोधायला वेळ घेतला, पण मुंबईचा प्रश्न नीट सोडवला. सरांनी ठासून सांगितलं की मोठी टाकी लावली की थंडावा वाढतो, तेव्हा तो म्हणाला, "नाही सर. टाकीने कूलर जास्त वेळ चालेल, जास्त गार नाही होणार." आवाज थरथरत होता, पण मत हललं नाही.

नोंदी घेणाऱ्या विद्यार्थिनीला मॅडमनी अहवालातलंच वाक्य विधान म्हणून दिलं: दमट हवेत बाहेर येणारी हवा खूपच गरम असते. ती म्हणाली, "माझ्या तक्त्यात तसं नाही." मग तिने ऑगस्टची ओल्या कापडाच्या थर्मामीटरची नोंद दाखवली, २८ अंश, आणि सांगितलं की हवा त्याच्या खाली जाऊच शकत नाही, एप्रिलमध्ये ती मर्यादा २२ होती. मॅडमनी विचारलं, मग हे आधी का नाही सांगितलंस? "अहवालात चांगल्या इंग्रजीत लिहिलं होतं मॅडम. मला वाटलं माझीच नोंद चुकली."

हे उत्तर मी विसरू शकत नाही. स्वतःच्या हाताने घेतलेली नोंद तिने सुबक वाक्यापुढे खोटी मानली. चॅटबॉटने तिला फसवलं नव्हतं. त्याला तक्ता दाखवलाच गेला नव्हता. सुबक बोलणाऱ्याला अधिक कळतं, ही समजूत तिला आम्हीच शाळेपासून पदवीपर्यंत शिकवली होती.

तिघेही उत्तीर्ण झाले. अहवाल दुरुस्त करून पुन्हा घेतला, निष्कर्षाचं प्रकरण विद्यार्थिनीने मराठीत लिहिलं आणि लेखक विद्यार्थ्याने त्याचं इंग्रजी केलं. मार्गदर्शक सरांनी आपले पहिले अंतर्गत गुण स्वतःहून मागे घेतले.

पुन्हा करायचं झालं तर

चॅटबॉटच्या वापराचा नियम वर्षाच्या सुरुवातीला सांगायला हवा, हे उघड आहे. त्यावर जास्त लिहीत नाही.

मोठा बदल मी ऑगस्टमध्ये करेन. नोंदी आल्या त्याच आठवड्यात तिघांना तक्त्याभोवती बसवून विचारायचं: यात तुम्हाला न अपेक्षिलेलं काय दिसतं? तो प्रश्न तेव्हा कोणी विचारला असता तर ते चुकीचं वाक्य पुढे लिहिलंच गेलं नसतं. आपण विद्यार्थ्याला प्रथम शेवटी भेटतो, अहवाल बांधून झाल्यावर. तोवर समज कुठे तयार झाली आणि कुठे नाही, याच्या खुणा पुसल्या गेलेल्या असतात.

चुकीचं विधान करण्याच्या भागाबद्दल माझ्या मनात अजून शंका आहे. पूर्वसूचना दिली तरी लेखक विद्यार्थ्याचा आवाज थरथरला. तो भाग परीक्षकाऐवजी छापील कागदावर द्यावा, म्हणजे विरोध माणसाला न करता वाक्याला करता येईल, असं मला वाटतं. मॅडमना हे पटत नाही. त्यांच्या मते कारखान्यात चुकीचं बोलणारा साहेब कागदावर नसतो, समोर उभा असतो.

आणखी एक मतभेद मिटलेला नाही. मिस्त्रींच्या मुलाला मॅडमना सर्वाधिक गुण द्यायचे होते, सरांना मुंबईच्या उत्तरामुळे ते मान्य नव्हतं. मला वाटतं दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, कारण आम्ही तीन वेगळ्या गोष्टींना एकच आकडा देत होतो: हाताला कळणं, न पाहिलेल्या ठिकाणी विचार नेता येणं, आणि दबावाखाली पुराव्याला धरून राहणं. या वर्षीपासून विभागाने प्रकल्पाच्या अंतर्गत गुणपत्रकात यांचे तीन वेगळे रकाने केले आहेत, आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना ते निमंत्रणासोबतच पाठवले जातात. भाषेचा रकाना ठेवायचा की नाही, यावर विभागाची बैठक अजून व्हायची आहे.